हरवलेलं चाक

गच्चीवर दुर्बिणीची मोटर सुरू झाली तसा आईचा उजवा हात आपोआप हँडलकडे गेला. हँडल आता तिथे नव्हतं. त्या जागी काळा पट्टा होता आणि पट्ट्यापलीकडे मुठीएवढी मोटर.

"हात काढ, आई. पट्ट्यात बोट सापडेल," लेक म्हणाली.

आईने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. त्याचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

वडिलांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची दुर्बीण ज्या जुन्या लोखंडी बैठकीवर फिरायची, ती लेकीने पूर्ण खोलली. गंज घासला, दगड झालेलं ग्रीस रॉकेलने धुतलं, बेअरिंग बदलली. आता लॅपटॉपवर नाव निवडलं की दुर्बीण आपली आपण तिकडे वळत होती आणि पृथ्वी फिरली तरी ग्रह सोडत नव्हती.

पूर्वी हे काम बैठकीच्या पोटातलं चावीचं घड्याळ करायचं. लेकीच्या जन्माआधी त्यातलं एक पितळी चाक हरवलं. तेव्हापासून घड्याळाचं काम आई करू लागली. आभाळ मोकळं असलं की वडील डोळा लावून बसत आणि आई शेजारच्या स्टुलावर बसून हळूहळू हँडल फिरवत राही. खांदा धरला तरी फिरवत राही.

"बघ, शनी किती स्थिर आहे. आता तू नुसतं बसायचं नि बघायचं."

आईने पाहिलं. "छान आहे. माझ्या वेळी विजेचं बिल येत नव्हतं, एवढंच."

लेक हसली नाही. बैठक खोलताना तिला पायाच्या पोकळीत एक पुडी सापडली होती. ती आईला दाखवायची नाही, असं तिने ठरवलं होतं. पण त्या दिवसापासून वडिलांचा फोटो पाहिला की तिला राग यायचा.

"एक चाक करून घेता आलं नसतं का गं बाबांना? कुठल्याही लेथवाल्याने दिलं असतं."

"ते म्हणायचे, तसं चाक आता मिळत नाही."

"आणि तू ऐकून घेतलंस. फुकटची मोटर."

आई उठून खाली गेली आणि बटणांचा डबा घेऊन आली. बटणांच्या तळातून तिने एक पितळी चाक काढलं आणि टेबलावर ठेवलं. दात थोडे झिजलेले, पण तेलाने लखलखीत.

"हरवलं नव्हतं," आई म्हणाली. "मीच काढलं होतं. लग्नानंतर ते घड्याळ चालायचं तेव्हा हे वर गच्चीवर आणि मी खाली. हाक मारली तरी ऐकू जायची नाही. चाक काढलं त्या संध्याकाळी त्यांनी मला पहिल्यांदा वर बोलावलं. म्हणाले, जरा धरतेस का?"

मोटर बारीक घुंघुं करत होती.

"आयुष्यभर फसवलं गं मी त्यांना. ते दवाखान्यात होते तेव्हा मी रोज ठरवायचे, आज सांगू. धीरच झाला नाही."

 लेकीने खिशातून पुडी काढली. मेणकागद इतका जुना होता की उलगडताना त्याचे तुकडे पडले. आत तसंच दुसरं चाक होतं.

"हे बाबांनी लपवून ठेवलं होतं," ती म्हणाली. "मी घड्याळात लावून पाहिलं. बरोबर बसतं."

आईने ते चाक दिव्याखाली धरलं आणि अंगठ्याने हळूच फिरवलं. एकही दात झिजलेला नव्हता.