धाकट्याची स्टिक

स्पर्धेच्या मैदानाबाहेर आमची दुरुस्तीची गाडी उभी असते. तिथे धाकटा भाऊ मोडलेली गोल्फ स्टिक घेऊन आला. "दादा, तासाभरात खेळायला उतरायचंय."

आम्ही दोघं एकाच मैदानावर खेळायला शिकलो. हा माझ्यापेक्षा चार बोटं बुटका, पण आज फलकावर याचं नाव सगळ्यांत वर, आणि माझं नाव एप्रनच्या खिशावर. माझा नुसता जळफळाट झाला. वाटलं, स्टिकचं डोकं केसभर तिरकं बसवावं. कुणाच्या बापाला कळणार नाही. पण कामाशी बेइमानी मला जमली नाही. नवा दांडा कापला, डोकं सरळ बसवलं, ग्रिप चढवली. याचं माप मला तोंडपाठ, म्हणून टेपही लावली नाही.

त्याने स्टिक दोनदा फिरवून पाहिली आणि थांबला.

"लांब झालीय."

"शक्यच नाही."

त्याने ती माझ्या हातात दिली. "तू उभा राहून बघ."

मी पाय फाकवून, खांदे सैल सोडून उभा राहिलो. स्टिक बरोबर जमिनीला टेकली.

"दादा," तो हळूच म्हणाला, "ही तू तुझ्यासाठी केलीस."