उड्डाणपूल हवाच!

आमच्या चौकात उड्डाणपूल व्हावा म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर मी अक्षरशः रान उठवलं होतं. "अहो, तो आपल्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला खेटून जाईल," असं बायको म्हणाली, तर मी तिलाच विकासविरोधी ठरवून मोकळा झालो.

"गाड्या सुसाट जातील गं. आपल्या घरात डोकावायला वेळ कोणाला असणार?"

पूल झाला. उद्घाटनाला टाळ्या वाजवायलाही मीच पुढे होतो.

काल संध्याकाळी मॅचची शेवटची ओव्हर सुरू होती. बसवेना, म्हणून मी बनियनवरच टीव्हीपुढे उभा राहिलो. तेवढ्यात पुलावर खोळंबलेल्या बसमधून चार-पाच जण एकदम ओरडले,



"ओ काका, जरा बाजूला सरका ना, काही दिसत नाहीये!"