पुरेशी लाचारी

कॉलेजातल्या फीमाफीच्या यंत्राने ठकूबाईंचा अर्ज दुसऱ्यांदा परत केला. "आवाजात पुरेशी लाचारी नाही. घरातल्या थोरल्या माणसाने नीट मागावं. शेवटची संधी."

"आजी, जरा रडवेलं बोल ना," नात तेजल कुजबुजली.

"चाळीस वर्षं लोकांची भांडी घासली, पण कुणापुढं नाक घासलं नाही. आता ह्या डबड्यापुढं रडू?"

तेवढ्यात तेजलनेच यंत्रापुढे गुडघे टेकले आणि हात जोडले. ते बघून ठकूबाईंच्या अंगाची लाही लाही झाली.

"ऊठ गं पोरी! ऊठ आधी!" ओरडताना त्यांचा आवाज चिरकला.

"लाचारी पुरेशी. फीमाफी मंजूर होत आहे," यंत्र बोललं.

"लाचारी? अरे मेल्या, तो माझा संताप—"

तेजलने झडप घालून आजीचं तोंड दाबलं. यंत्र अजून ऐकत होतं.