तळ्याकाठची जागा

हर्सूल तळ्याच्या काठी जुन्या मूर्ती-खापरांचं छोटं संग्रहालय बांधायचं ठरलं आणि त्याच्या डिझाइनचं काम बंगळुरूच्या ऋतुराजला मिळालं, तेव्हा इकडं पुंडलिकनगरात एकटे राहणारे त्याचे अण्णा, बद्रीनाथ, लेकरासारखे हरखले. आता कामाच्या निमित्तानं तरी लेकाची पावलं उंबऱ्याला लागतील!

महिना सरला, दोन सरले. एका संध्याकाळी ऋतुराजनं व्हिडिओ कॉलवर चित्र दाखवलं. संग्रहालयाच्या दारातून निघालेल्या पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या.

"लई देखणं हाय रे! मंग जागा बघायला कव्हा येतूस?"

"गरजच नाही अण्णा. तिथला माणूस रोज फोटो पाठवतो. फक्त एक म्हातारा आहे, पाठमोरा. जेव्हा बघावं तेव्हा काठावर मधोमध बसलेला. रोज त्याला पुसून टाकावं लागतं."

"बसंना का बिचारा. वाट बघत असंल कुणाची."

"बघू दे की. पण फोटोच्या बाहेर बसून बघावी ना!"

"व्हय, ते बी खरंच हाय."



दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेल्यावर बद्रीनाथ नेहमीची जागा सोडून, बाभळीच्या आडोशाला जाऊन बसले.