चौथी चौकट

व्हिडिओच्या तीन चौकटींत पुष्कर स्वतःच गिटार, ढोलकी आणि कीबोर्ड वाजवत होता. चौथीत ठेवणीतली साडी नेसून आई बुलबुलतरंग वाजवत होती. पण हल्ली तिची बोटं थरथरायची, ताल सुटायचा. तिला न सांगताच पुष्करने तिचा आवाज काढून तिथे कीबोर्डचे सूर भरले.

"काय सुरेख वाजवलंत हो," व्हिडिओ बघून शेजारच्या रेगेकाकू म्हणाल्या. आई कसनुसं हसली आणि तिने हात पदराखाली घेतले. पुष्करला मान वर करवेना.

काकू गेल्यावर त्याने आईचं अडखळतं वाजवणं गाण्यात परत बसवलं, हेडफोन तिच्या कानांना लावला. "चुकलं माझं, आई. आता हेच टाकतो."

तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग हेडफोन काढून त्याच्या हातात दिला.

"नको रे. पहिलंच राहू दे," ती म्हणाली. "तुझं काही चुकलं नव्हतं."