चाळीस घोंगडी

"सायेब, हे ऐकून तुमचा काय, कुणाचाच इश्वास बसायचा न्हाई," मीरासाब गवंडी नव्या नाटकघराच्या रंगमंचावर उभा राहून म्हणाला, तेव्हा वर बायकांच्या सज्जात बसलेल्या त्याच्या बहिणीला, खतिजाला, हसू आलं. भाईची थाप नेहमी याच दारानं आत यायची.

खाली ओव्हरसियर हंबीरराव समोरची भिंत न्याहाळत होते. नाटकघर बांधून झालं खरं, पण नट काही बोलला की प्रेक्षकांच्या मागची ही भिंत तेच वाक्य परत करायची. 'महाराज आले' म्हणावं, तर दोनदा यायचे. कोल्हापुरात महाराज एकच. हे चालणार कसं? आता त्या भिंतीवर चाळीस घोंगडी टांगली होती आणि भिंत गप्प होती.

"हे सुचलं कुणाला?" हंबीररावांनी विचारलं. "मलकापुरात असंच एक बांधायचं हाय की. त्या माणसाला कायमचं कामावर घेतो."

खतिजा कठड्याशी सरकली. महिनाभर, गडी जेवायला गेले की तीच इथं टाळ्या वाजवत हिंडली होती. टाळीचा जबाब किती वेळानं येतो, कुठल्या भिंतीकडून येतो, सगळं तिनं फरशीवर चुन्याच्या ठिपक्यांनी मांडलं होतं. त्यावरून घोंगडीही तिलाच सुचली होती. तिचं सासर ताशे मढवणाऱ्यांचं. टिचकी मारून ती सांगायची, कुठल्या ताशाच्या भांड्याला तडा आहे. तडा असला की ते बद्द वाजतं. बाईचं कोण ऐकणार, म्हणून साहेबांना सांगायचं भाईनं. पण नाव तिचं घ्यायचं, असं ठरलं होतं.

"त्याचं असं झालं," मीरासाब रंगात आला. "आंब्याच्या घाटात मी एकदा हाक मारलीती. जबाब आला तिसऱ्या दिवशी, घरी भाकरी मोडतोय तवा. त्या दिवशी कळलं, आवाजबी पायीच चालतोय."

हंबीरराव पोट धरून हसले. खतिजाही हसली. थाप कशी खणखणीत होती.

"बरं, मग?"

मीरासाबनं एकवार सज्जाकडं पाहिलं. पटक्याचा शेमला नीट केला.

"मग काय, सायेब. टाळ्या माझ्या, ठिपके माझे. घोंगडीबी मलाच सुचली."

खतिजाचं हसू होतं तिथंच राहिलं. ती ओरडली नाही. उभीही राहिली नाही. शेजारणीच्या कानात सांगावं, तेवढ्याच आवाजात म्हणाली,

"भाई, हे बद्द वाजलं."

खाली दोघांच्याही माना वर झाल्या. हंबीररावांनी सवयीनं घोंगड्यांच्या भिंतीकडं कान लावला.

वाक्य दुसऱ्यांदा आलं नाही.