छापलेला कावळा

पावणे गावात माझं थ्रीडी प्रिंटिंगचं वर्कशॉप आहे. मिक्सरचं बटण, आजोबांची कवळी, काय म्हणाल ते छापून देतो. बाबा म्हणायचे, "सुयश, सगळं छापशील रे, पण त्यात जीव कुठून आणशील?"

बाबांच्याच दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे तारेवर बसून बघत होते, शिवायला एकही उतरेना. अशा वेळी दर्भाचा कावळा करून शिववतात. मी पिशवीतून प्लास्टिकचा काढला. अख्खा एकसंध छापलेला, मान वळायचीसुद्धा सोय नव्हती.

"लाज वाटते का?" काका म्हणाले.

"टिकाऊ आहे काका. पुढच्या वेळीपण चालेल."

काका दोन पावलं मागे सरकले.

मी चोच भाताला टेकवायला गेलो, तर बोटभर अंतरावर हात अडला. जोर लावून मनगट दुखलं, तरी कावळा खाली जाईना.

"त्यांची काहीतरी इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले. "शब्द द्या."

"बाबा, आईला सांभाळीन." काही नाही. "वर्कशॉप बंद करतो." तरीही नाही. काकांनी घाबरून बेलापूरच्या फ्लॅटवरचा हक्क सोडला. ते बरं झालं, पण कावळा ढिम्म.

मग आई पुढे आली. कावळ्याच्या पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "अहो, एकट्याला करमत नाही ना? येते मी. लवकरच."

माझ्या हातात काहीतरी धडधडलं. मी दचकून कावळा सोडला.

तो पडला नाही. त्यानं मान वाकवली आणि पिंडाला चोच लावली.